फोन उचलणाऱ्याचे ऐकणार कोण?

लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर १९३५ च्या नोव्हेंबर महिन्यात एका डॉक्टरांच्या घराला आग लागली. शेजारच्या एका गृहस्थांनी अग्निशामक दलाला बोलावण्यासाठी फोन उचलला, पण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांचा फोन इतर फोनांच्या रांगेत अडकून पडला. त्या आगीत पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. संतापलेल्या गृहस्थांनी 'टाइम्स'ला पत्र लिहिले, सरकारने चौकशी नेमली आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. संकटातल्या माणसासाठी राखून ठेवलेला जगातला पहिला टेलिफोन क्रमांक तो हाच, असे मानले जाते.

या क्रमांकावर फोन आला की एक्स्चेंजमध्ये तांबडा दिवा पेटे आणि भोंगा वाजे. हा भोंगा इतका कर्कश होता की स्विचबोर्डवर बसणाऱ्या मुली हैराण झाल्या. अखेर भोंग्याच्या तोंडात टेनिसचा चेंडू कोंबून त्याचा आवाज कमी करण्यात आला. ही हकीकत गमतीची आहे खरी, पण मला ती पुन्हा पुन्हा आठवते. संकटाचे फोन घेणाऱ्या माणसांना काम करणे जरा सुसह्य व्हावे म्हणून केलेला हा बहुधा पहिला उपाय असेल. त्यानंतर जवळपास नव्वद वर्षे लोटली. भोंगे गेले, संगणक आले, नकाशे आले, फोन करणारा कुठे उभा आहे हे पडद्यावर दिसू लागले. पण फोन घेणाऱ्या माणसाचा विचार त्या चेंडूच्या पुढे किती गेला, हे तपासून पाहायला हवे असे मला वाटते.

आपल्याकडे पोलिसांसाठी १०० आणि आगीसाठी १०१ हे क्रमांक आपण लहानपणापासून पाठ केले. हैदराबादेत २००५ साली १०८ ची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली आणि हळूहळू ती अनेक राज्यांत पसरली. महाराष्ट्रात ती २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी आली. पुढे सगळ्या संकटांना मिळून ११२ हा एकच क्रमांक असावा असे ठरले. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये हिमाचल प्रदेशाने त्याचा आरंभ केला आणि २०२१ मध्ये तो आपल्या राज्यातही सुरू झाला. मुलांसाठी १०९८, मनाच्या आजारासाठी १४४१६, असे इतर क्रमांकही आहेत. मध्यरात्री घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत कळ येते, घाटात गाडी उलटते, शेजारच्या घरातून बाईच्या किंकाळ्या ऐकू येतात, तेव्हा आपली बोटे यांपैकी एखादा क्रमांक दाबतात आणि पलीकडून कोणीतरी शांत आवाजात विचारते, "बोला, काय मदत हवी आहे?"

हा आवाज कोणाचा, याचा विचार आपण करीत नाही. माणूस वाचला तर आपण डॉक्टरांचे पाय धरतो, रुग्णवाहिकेच्या चालकाला पेढे देतो. ते योग्यच आहे. फोन घेणाऱ्याची मात्र आपल्याला आठवण होते ती गाडी उशिरा आली तरच, आणि तीही शिवी हासडण्यापुरती. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या रस्त्यांवर लढताना जे धारातीर्थी पडले त्यांची नावे शाळकरी मुलेसुद्धा सांगतील, सांगायलाच हवीत. पण त्या रात्री नियंत्रण कक्षात बसून भेदरलेल्या मुंबईचे फोन एकामागून एक घेत राहिलेल्यांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला ठाऊक आहे का?

माझी तीस-बत्तीस वर्षे बँकेत गेली आणि उरलेल्या वेळात मी कादंबऱ्या लिहिल्या. या दोन्ही धंद्यांमुळे मला या कामाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहता येते. बँकेत संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे. दहा रुपयांचा फरक असला तरी पुन्हा मोजा, पुन्हा व्हाउचर तपासा. त्रास होई, पण शेवटी आकडा जुळला की त्या दिवसाचे ओझे बँकेतच राही. कादंबरीचेही तसेच. पात्रांचे हाल होतात, पण शेवट लिहिला की लेखकाची सुटका होते. संकटाचे फोन घेणाऱ्याच्या नशिबात यांतले काहीच नाही. एक बाप ओरडतो आहे, मूल विहिरीत पडले आहे. पत्ता घेतला, गाडी पाठवली, छाती कशी दाबायची ते सांगितले, गाडी पोचली, फोन बंद झाला. मूल वाचले की नाही? ते कळत नाही. लगेच पुढचा फोन. बारा तासांच्या पाळीत अशा कित्येक गोष्टी ऐन मध्यावर तुटतात आणि त्या अर्ध्यामुर्ध्या गोष्टी घेऊन तो माणूस पहाटेच्या गाडीने घरी जातो. बायको विचारते, "कसा गेला दिवस?" तो काय सांगणार?

'नुसते फोनवर तर बोलायचे असते, त्यात कसला आघात?' असे पुष्कळांना वाटते. अमेरिकेत २०१२ साली मिशेल लिली आणि हेदर पिअर्स या दोन संशोधक स्त्रियांनी तिथल्या ९११ क्रमांकाचे फोन घेणाऱ्या १७१ जणांचा अभ्यास केला. प्रसंग डोळ्यांनी न पाहता नुसता कानांनी ऐकला तरी मनावर खोल जखम होते, असे त्यातून दिसले. सर्वांत वाईट फोन कोणता, या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांत लहान मुलाच्या अवचित मृत्यूचे किंवा दुखापतीचे फोन पुढे होते. यात मला नवल वाटले नाही. डोळ्यांना दिसते तेवढेच दिसते. कानांवर पडलेले मात्र मन आपल्या रंगांनी पुरे करते, आणि ते रंग बहुधा भडक असतात. गंमत म्हणजे याच अमेरिकेच्या सरकारी व्यवसाय-वर्गवारीत, अगदी २०१८ च्या नव्या यादीतसुद्धा, या मंडळींची गणना पोलीस आणि अग्निशामकांबरोबर झाली नाही. त्यांना कार्यालयीन साहाय्यकांच्या रांगेत बसवले गेले. म्हणजे टंकलेखक आणि फायलींचे कारकून यांच्या पंगतीत. टंकलेखक हा मानाचाच माणूस, पण त्याच्या यंत्रातून कोणी मरताना ओरडत नाही.

कामाच्या जागेचे वातावरण वगैरे गोष्टी मऊ, चैनीच्या, परदेशी कंपन्यांच्या. जीव वाचवायला रुग्णवाहिका लागतात, गप्पागोष्टी नव्हेत, असा एक आक्षेप नेहमी येतो. त्याला लंडननेच उत्तर देऊन ठेवले आहे, आणि तेही फार महाग पडलेले. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने आपला सारा कारभार एका झटक्यात संगणकावर नेला. तोवर फोनवरची माहिती कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवली जाई. नव्या यंत्रणेची पुरती चाचणी झाली नव्हती. माणसांचे शिक्षण अर्धवट होते. नियंत्रण कक्षातल्या बसण्याच्या जागाही बदलल्या, त्यामुळे वर्षानुवर्षे शेजारी बसून नजरेच्या इशाऱ्याने काम करणारी माणसे एकमेकांपासून लांब गेली. काही तासांतच घोटाळा सुरू झाला. एकाच ठिकाणी दोन गाड्या, तर दुसरीकडे एकही नाही. गाडी का आली नाही म्हणून लोक पुन्हा फोन करीत आणि त्या फोनांनी यंत्रणा आणखी तुंबे. पुढे ४ नोव्हेंबरला संगणक साफ बंद पडला आणि सेवा पुन्हा कागदावर आली.

चौकशी समितीचा अहवाल १९९३ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. आज्ञावलीतल्या चुका त्यात होत्याच. पण समितीने तेवढेच ठासून जे सांगितले ते माणसांविषयी होते. व्यवस्थापन आणि कर्मचारी यांच्यात विश्वास उरला नव्हता, जे ती यंत्रणा वापरणार होते त्यांना ती आपली वाटत नव्हती, आणि वरच्यांनी घाई केली होती. पुढे १९९६ साली त्याच सेवेने कर्मचाऱ्यांना बरोबर घेऊन, एकेक पायरी चढत नवी यंत्रणा बसवली, ती मात्र टिकली. पहिल्या खेपेला जे कमी पडले ते पैशापेक्षा ऐकून घेणे होते.

ही हकीकत मी वाचली तेव्हा मला आमच्या बँकेतले दिवस आठवले. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांत लेजर पोस्टिंगची यंत्रे येऊ लागली. दोन शाखांमधला फरक मी जवळून पाहिला. एका शाखेत यंत्र शनिवारी आले आणि सोमवारपासून त्यावर काम करा असा हुकूम निघाला. तिथल्या जुन्या लेजरकीपरांनी वर्षभर यंत्राच्या बरोबरीने चोरून हातानेही खाती लिहिली, कारण यंत्रावर आणि ते आणणाऱ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. दुसऱ्या शाखेतल्या व्यवस्थापकांनी आधी दोन महिने सर्वांत ज्येष्ठ, सर्वांत विरोधी कारकुनाला शेजारी बसवून विचारले, "तुम्ही सांगा, कुठे अडेल?" त्याने अकरा ठिकाणे दाखवली. त्यांतली नऊ खरी निघाली. त्या शाखेत यंत्र रुळायला तीन आठवडे लागले. बँकेत चूक झाली तर उलट नोंद करून ती दुरुस्त होते. १०८ च्या फोनवर उलट नोंद करता येत नाही, म्हणून तिथे हे विचारणे अधिकच आवश्यक.

आता दुसरा मुद्दा, सर्वांना सामावून घेण्याचा. हा शब्द हल्ली सभासमारंभांत फार ऐकू येतो आणि त्यामुळे गुळगुळीत झाला आहे. कोणावर तरी उपकार करायचे, असा त्याचा अर्थ घेतला जातो. संकटाच्या फोनपाशी मात्र त्याचा अर्थ अगदी रोखठोक आहे. खानदेशातली एखादी माउली रात्री दोन वाजता फोन करते आणि रडत म्हणते की तिच्या 'आंडेर'ला काहीतरी चावले. आंडेर म्हणजे मुलगी, हे पुण्यामुंबईत वाढलेल्या मुलाला कसे कळावे? कोकणात तेच लेकरू 'चेडू' होते, वऱ्हाडात 'पोट्टी'. मेळघाटातली आई कोरकूत बोलते, गडचिरोलीतली गोंडीत. त्यातून खेड्यात पत्ता म्हणजे घराचा क्रमांक नव्हे. पत्ता म्हणजे 'टाकीच्या मागं', 'जुन्या चावडीपासून खाली', 'म्हसोबाच्या अंगानं'. साऱ्या राज्याचे फोन एका-दोन शहरांतल्या कक्षांत येत असतील तर त्या कक्षांत साऱ्या राज्याचे कान हवेत. नंदुरबारचा आदिवासी मुलगा, सिंधुदुर्गाची मुलगी, मालेगावचा दखनी बोलणारा तरुण हे तिथे नुसते भरतीच्या आकड्यापुरते असून भागत नाही. त्याच्या बोलीला सहकारी हसतात, अशी जागा असेल तर तो चार महिन्यांत आपली बोली गिळून टाकील, आणि नेमकी जी गोष्ट त्याच्यापाशी होती तीच कक्षाला मिळणार नाही. शेजारच्याने निःसंकोच हाक मारून "अरे, ही बाई काय म्हणतेय बघ जरा" असे विचारावे आणि त्याने अभिमानाने सांगावे, असे वातावरण तिथे हवे.

आमच्या क्षेत्रीय कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर दृष्टिहीन होते. त्या काळी अनेक बँकांत आणि सरकारी कचेऱ्यांत हे काम दृष्टिहीन माणसे करीत आणि फार चोख करीत. एकदा तालुक्याच्या एका शाखेतून एका रोखपालाचा फोन आला. तो मला जोडून देण्यापूर्वी आमचे ऑपरेटर म्हणाले, "मॅडम, हा माणूस रडून मग फोनवर आलाय. जरा हळू बोला." मला त्या माणसाच्या आवाजात काहीच वेगळे जाणवले नाही. दहा मिनिटे बोलल्यावर उलगडले की त्याच्या रोकडीत मोठी तूट आली होती आणि घरी जायची त्याला भीती वाटत होती. असे कान असलेली माणसे आपल्याकडे आहेत. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदाही आहे. आता जोडणी संगणकाच्या पडद्यावर असते हे खरे, पण पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या आज्ञावल्याही आहेत. आपत्कालीन कक्षाची रचना करतानाच यांचा विचार केला तर ती दया ठरणार नाही. उत्तम ऐकणारा माणूस उत्तम ऐकण्याच्या जागी बसवणे, एवढेच ते आहे.

स्त्रियांबद्दल वेगळे सांगायला नको, पण सांगते. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या शाखेत स्त्रियांसाठी वेगळे स्वच्छतागृह नव्हते. दुपारनंतर पाणी न पिणे हा त्यावर आम्ही काढलेला उपाय. संकटाचे फोन रात्रीच अधिक हलवून टाकणारे असतात. तिथे बसणाऱ्या मुलीला पहाटे घरी सोडणारी गाडी, स्वच्छ आणि जवळचे स्वच्छतागृह, तान्ह्या मुलाची सोय आणि तक्रार ऐकणारी जागी समिती या गोष्टी मागाव्या लागू नयेत. रात्रपाळीतल्या स्त्रियांची ने-आण आणि सुरक्षितता यांची तरतूद राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने तक्रार समितीही बंधनकारक केली. शिवाय फोनवरून घाणेरडे बोलणारे महाभाग असतातच. अशा फोनवर 'ग्राहकाशी नम्रतेने वागा' हा नियम लावणे म्हणजे क्रूरपणा आहे. असा फोन तिथल्या तिथे वरिष्ठाकडे द्यायची मुभा आणि त्या क्रमांकावर कारवाई होईल ही खात्री तिला मिळायला हवी.

तिसरा मुद्दा मोजमापाचा. बँकेत मी उद्दिष्टांच्या तक्त्यांखाली आयुष्य काढले, तेव्हा आकड्यांचा मला तिटकारा नाही. फोन किती सेकंदांत उचलला हे मोजलेच पाहिजे. विम्पोल स्ट्रीटचा धडाच तो आहे. पण तो किती लवकर संपवला, हे मोजण्याची रीत क्रेडिट कार्ड विकणाऱ्या कॉल सेंटरांची. ती इथे आणली की घाबरलेल्या बाईचे रडे थांबेपर्यंत वाट पाहणारा कर्मचारी मागे पडतो आणि तुटक प्रश्न विचारून फोन आपटणारा महिन्याचा मानकरी ठरतो. आणि चूक झाली की? ध्वनिमुद्रण लावायचे, माणूस समोर उभा करायचा, ज्ञापन द्यायचे. याने चुका थांबत नाहीत, लपतात. विमानसेवेने हे फार आधी ओळखले. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिकांना आपल्या चुका आणि थोडक्यात टळलेले अपघात गुप्तपणे कळवण्याची सोय आहे, आणि त्या कळवण्यांतून साऱ्यांनी शिकायचे अशी पद्धत आहे. बेफिकिरीला शिक्षा हवीच. पण प्रामाणिक चूक सांगणाऱ्याला शिक्षा झाली, तर पुढच्या वेळी ती चूक कोणी सांगणार नाही आणि दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर ती पुन्हा घडेल.

मग करायचे काय? माझ्या मते चार साध्या गोष्टींनी आरंभ व्हावा. एक, भयंकर फोन झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे जागेवरून उठण्याचा हक्क, आणि तो मागताना मान खाली घालावी लागू नये. दोन, गोष्टीचा शेवट कळवणे. गाडीवरच्या डॉक्टरांकडून पाळी संपताना चार ओळींचा निरोप कक्षात यावा, की मूल वाचले, किंवा वाचले नाही, पण तुम्ही सांगितले ते बरोबर सांगितले होते. याला पैसा लागत नाही, वही लागते. तीन, पाळी सुरू होताना आणि संपताना वरिष्ठाने माणसांशी बोलणे, आणि मनावरचे उपचार ज्याला हवे त्याला गुपचूप, कचेरीबाहेर मिळणे. चार, नोकरीची शाश्वती. दर काही महिन्यांनी करार संपेल की वाढेल या विवंचनेत असलेल्या माणसाने दुसऱ्याची विवंचना शांत चित्ताने ऐकावी, ही अपेक्षा फार आहे. सरकार सेवा ठेकेदाराकडे देते तेव्हा निविदेत गाड्या किती आणि फोन किती सेकंदांत हे लिहिते. तिथेच पगार, पाळीचे तास, रजा आणि वरच्या या गोष्टीही लिहाव्यात, आणि त्यांची तपासणी गाड्यांइतकीच कडक व्हावी.

यावर कोणी म्हणेल, आधी गाड्या वाढवा. वाढवाव्यातच. पण गाडी निघते ती कोणाच्या तरी शब्दावर. रात्री अकराव्या तासाला थकून, धसकून बसलेल्या माणसाने 'पिंपळगाव' ऐकून भलत्याच पिंपळगावला गाडी धाडली, तर नवी कोरी रुग्णवाहिका काय कामाची? आपल्या राज्यात पिंपळगावे थोडी का आहेत?

राहता राहिलो आपण. शाळा सुटल्यावर मुले गंमत म्हणून हे क्रमांक फिरवतात, मोठी माणसेही वीज गेली म्हणून ११२ ला फोन करतात. त्या वेळी दुसऱ्या कोणाचा तरी फोन, विम्पोल स्ट्रीटच्या त्या गृहस्थांसारखा, रांगेत थांबलेला असू शकतो. आज रविवार आहे, घरातली सगळी मंडळी एकत्र असतील. मुलांना हे क्रमांक शिकवा, आणि ते कशासाठी नाहीत तेही शिकवा. आपल्या घराचा पत्ता, जवळची ठळक खूण, तालुका आणि जिल्हा हे सगळे एका दमात सांगायचा सराव करून घ्या. घाबरून का होईना, पण प्रश्नांची उत्तरे द्या. समोरचा वेळ काढीत नसतो, बहुधा आपण बोलत असतानाच गाडीला निरोप गेलेला असतो. आणि सगळे निभावले, माणूस घरी परत आला, की त्या कक्षाच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाका. तारीख, वेळ, आणि एवढेच लिहा, की आमचा माणूस बरा आहे. पलीकडच्या माणसाला त्या रात्रीच्या गोष्टीचा शेवट कळेल.